काय सोडून आलात?

काशीयात्रा करून परतलेल्या माणसाला आमच्या आजीच्या पिढीत एक प्रश्न हटकून विचारला जाई. ‘काय पाहिलेत?’ हा तो प्रश्न नव्हे. काशीत काय पाहायचे असते हे न गेलेल्यांनाही पाठ असे. ‘काय आणलेत?’ हेही कोणी विचारीत नसे, कारण गंगेचा गडू देवघरात दिसतच असे. प्रश्न असे तो हा : ‘काय सोडून आलात?’ काशीस गेले की आपल्या आवडीचे एखादे फळ, एखादी भाजी कायमची सोडून यायची, असा रिवाज होता. खरी भाविक माणसे आंबा सोडीत. चतुर माणसे कारले सोडीत. पण काहीतरी सोडल्यावाचून यात्रा पुरी झाली असे मात्र कोणी मानीत नसे.

आता आमच्या मध्यमवर्गाची काशी बदलली आहे. मुलगा न्यू जर्सीला, मुलगी कॅलिफोर्नियाला. तेव्हा निवृत्त आईवडील उन्हाळ्यात तीन-चार महिने तिकडे जातात. नातवाला खेळवणे हे मुख्य काम. पण मधल्या सुट्टीत मुले त्यांना ग्रँड कॅन्यन, यलोस्टोन, हवाई असे काही ना काही दाखवून आणतात. दिवाळीच्या फराळाला मंडळी जमली, की चकलीबरोबर फोनमधली छायाचित्रे फिरू लागतात. किती पाहिले, किती मैल हिंडलो, काय आणले, सगळ्यांची चौकशी होते. तो जुना प्रश्न तेवढा कोणी विचारीत नाही. तो पुन्हा विचारला जावा, एवढ्यासाठी यंदाच्या दिवाळीचे हे सदर.

‘अमेरिकेच्या सहलीत सोडायचे ते काय? सगळे तर डॉलर मोजून घेतलेले!’ असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर एका आकड्यात आहे. २०२४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांना व स्मारकांना मिळून ३३ कोटी १९ लाख भेटी झाल्या. आजवरचा हा उच्चांक. ‘अतिथी देवो भव’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हा आकडा ओळखीचा वाटायला हरकत नाही : बरोबर तेहतीस कोटी! पण आपले तेहतीस कोटी देव गाईच्या पोटात गुण्यागोविंदाने राहतात. हे तेहतीस कोटी मोटारी घेऊन येतात, बुटांनी चालतात, खातात, पितात आणि आठवण म्हणून काहीतरी उचलून नेतात. इतक्या देवांची सरबराई करताना यजमानाच्या घराचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

या घराची वास्तुशांत १ मार्च १८७२ रोजी झाली. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सहीने यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान जन्माला आले. वज्रेश्वरीची दोन-चार गरम कुंडे पाहून आपण हात जोडतो; यलोस्टोनात तशी हजारो आहेत, शिवाय आकाशात उसळणारी उष्णोदकाची कारंजी. पाहुणे लोटले. त्यांनी कुंडाभोवतीची नाजूक नक्षी फोडून तुकडे खिशात घातले. कारंजी उडावीत म्हणून त्यांत साबण टाकला. शेवटी १८८६ साली उद्यान राखायला चक्क लष्कर बोलवावे लागले.

तिथल्या एका कुंडाचे नावच ‘हँडकर्चीफ पूल’, म्हणजे रुमालकुंड असे पडले होते. एका बाजूने रुमाल सोडावा. पाणी तो आत ओढून घेई आणि थोड्या वेळाने धुऊन वर आणून देई. असा बिनपगारी परीट मिळाल्यावर कोणाला मोह आवरणार? पण पाहुण्यांचे रुमालावर समाधान होईना. कोणी त्यात ओंडके कोंबले आणि परीट रुसला. जवळच ‘मॉर्निंग ग्लोरी’ नावाचे दुसरे कुंड आहे. गारवेलीच्या फुलासारखे निळेभोर, म्हणून हे नाव. त्यात लोक नाणी टाकीत. १९५० साली कुंडातले पाणी उपसून त्याच्या पोटातला ऐवज बाहेर काढण्यात आला, तेव्हा नाण्यांच्या राशीबरोबर रुमाल, बाटल्या, डबेसुद्धा निघाले. आतली वाट चोंदल्याने कडक पाणी पूर्वीसारखे वर येईना; कुंड थोडे निवले. आणि त्या मानाने कोमट पाण्यात जगणारे पिवळे-नारिंगी सूक्ष्मजीव कडेने आत सरकले. निळे फूल आज हिरवे-पिवळे दिसते.

शब्दांच्या पाठीस लागण्याची माझी खोड या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच. म्हणून सांगतो : मराठीत ‘सोडून येणे’ याचे दोन अर्थ आहेत. नाणे, बाटली, रुमाल, भिंतीवर कोरलेले नाव मागे टाकून येणे हा एक. आणि स्वतःची एखादी सोय, हौस, सवय यांच्यावर पाणी सोडणे हा दुसरा. यात्रेकरूला दुसरा अर्थ कळत होता. पर्यटकाने पहिला उचलला. अमेरिकेतल्या या जागांचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास म्हणजे पाहुण्याला पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे वळवण्याची खटपट आहे.

जे मागे टाकले त्याची ही कथा. जे उचलून नेले त्याची आणखी निराळी. ॲरिझोनात ‘पेट्रिफाइड फॉरेस्ट’ नावाचे उद्यान आहे, म्हणजे दगड झालेले अरण्य. वीस कोटी वर्षांपूर्वीचे महावृक्ष नदीच्या गाळात गाडले गेले. ज्वालामुखीच्या राखेतली सिलिका पाण्यावाटे त्यांच्या रंध्रारंध्रात शिरली, आणि लाकडाची जागा हळूहळू रंगीत दगडाने घेतली. सालीच्या रेषासुद्धा दिसतात. हा दगड हाताच्या तळव्यावर मावतो, हेच त्याचे दुर्दैव. ‘एवढा अफाट पसारा आहे, एका खड्याने काय होते?’ असे म्हणत हजारोंनी एकेक खडा उचलला.

पुढची गंमत अशी, की त्यातले पुष्कळ खडे टपालाने परत येतात, सोबत चिठ्ठी घेऊन. कोणाची नोकरी गेली, कोणाचा संसार मोडला, कोणाच्या घरातले आजारपण हटत नाही. खडा उचलल्यापासून हे लागले, तो परत घ्या, असे विनवणारी ही पत्रे उद्यानाने जपून ठेवली आहेत. चंद्रावर माणूस पाठवणारा देश आणि खड्यापायी साडेसाती आली असे मानणारे त्याचे नागरिक! आपल्याला जरा बरेच वाटते. पण खरी खंत पुढे आहे. परत आलेला दगड मूळ जागी ठेवताच येत नाही. तो नेमका कुठून उचलला हे कोणाला ठाऊक नसते, आणि चुकीच्या जागी ठेवलेला दगड अभ्यासकाला चुकीची गोष्ट सांगतो. म्हणून त्या दगडांचा वाटेकडेला एक निराळा ढीग रचला आहे. त्याला ते ‘सदसद्विवेकाचा ढीग’ अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. पश्चात्तापाला जागा मिळाली, दगडाला नाही.

इथपर्यंत लोभाची गोष्ट झाली. आता दयेची ऐका, कारण आपण मंडळी लोभी असलो-नसलो तरी दयाळू निश्चित आहोत. मुक्या प्राण्याला घास घातल्यावाचून आपल्याला चैन पडत नाही. यलोस्टोनात एके काळी अस्वलांना घास घालण्याचा सोहळाच चाले. उपाहारगृहाचे उष्टे-खरकटे जिथे टाकत तिथे पाहुण्यांसाठी बाकांच्या रांगा मांडल्या होत्या, आणि ‘हे भोजनालय फक्त अस्वलांसाठी’ अशा अर्थाची पाटीसुद्धा लावलेली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे खेळ थांबले. पण रस्त्याकडेला मोटारीच्या काचेतून बिस्किट देणे पुढे कितीतरी वर्षे चालूच राहिले. परिणाम? १९३१ ते १९६९ या काळात वर्षाला सरासरी ४८ माणसे अस्वलांकडून जखमी झाली. माणसाच्या हातचे खायला चटावलेले अस्वल माणसाला भीत नाही. आणि न भिणाऱ्या अस्वलाच्या नशिबी शेवटी बंदुकीची गोळी येते. घास घालणारा मात्र तोवर घरी पोहोचून छायाचित्रे चिकटवीत असतो.

१९७० च्या सुमारास कचऱ्याचे उकिरडे बंद केले, खाऊ घालण्यावर कडक बंदी आली. तो काळ अस्वलांना फार जड गेला. सवयीने वस्तीत शिरलेली शेकडो ग्रिझली मारली गेली. १९७५ साली त्या प्रदेशात ती दीडशेसुद्धा उरली नव्हती. त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि आज त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. माणसांनी एवढेच सोडले : पाव-बिस्किट देण्याचे सुख.

दयेची दुसरी गोष्ट याहून चटका लावणारी. २०१६ साली यलोस्टोनातल्या एका पाहुण्याला बायसनचे, म्हणजे आपल्या गव्याच्या अमेरिकन भाऊबंदाचे, एक पाडस थंडीने काकडत असावे असे वाटले. त्याने ते उचलून मोटारीत घातले आणि रक्षकांच्या ठाण्यावर आणले. रक्षकांनी ते पुन्हापुन्हा कळपात सोडून पाहिले. कळप त्याला घेईना. ते रस्त्यावर येऊन मोटारींच्या मागे लागू लागले. अखेर त्याला मरण द्यावे लागले. त्या पाहुण्याच्या मनात वाईट काहीच नव्हते. पण दुसऱ्याच्या घरात शिरून त्याचे मूल थंडीने काकडते की नाही हे आपण ठरवायचे नसते, एवढे त्याला सांगणारे कोणी भेटले नव्हते.

दिवाळीचा अंक आहे, तेव्हा आतषबाजीचा विषय टाळून कसे चालेल? कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात उन्हाळ्यातल्या रात्री नऊच्या सुमारास ‘अग्निप्रपात’ होई. सुमारे तीन हजार फूट उंच कड्यावर मोठी होळी पेटवीत आणि तिचे रसरशीत निखारे कड्यावरून हळूहळू लोटून देत. खालून पाहणाऱ्याला आगीचा धबधबा कोसळतो आहे असे वाटे. आपला भुईनळा उलटा धरल्यासारखे! एकोणिसाव्या शतकात सुरू झालेला हा खेळ जानेवारी १९६८ मध्ये बंद केला गेला. तो पाहण्यासाठी जमणारी झुंबड खोऱ्यातली कुरणे तुडवून टाकी, हे एक कारण. दुसरे अधिक मोलाचे : ज्या कड्यापुढे माणसाने मुकाट्याने उभे राहावे, त्या कड्याला कसरती करायला लावू नयेत. लोक हळहळले; पण कडा आहे तसा आहे.

मोटार सोडण्याची गोष्टही तशीच. यूटा राज्यातल्या झायन उद्यानाची दरी चिंचोळी. गर्दीच्या दिवसांत तिथे हजारो मोटारी शिरत आणि त्यांना उभे राहायला जागा काही शेकड्यांना पुरेल एवढीच. अमेरिकन माणसाला मोटार सोड म्हणणे म्हणजे आपल्याला चहा सोड म्हणण्यासारखे. तरीही २००० सालापासून वर्षाचे बहुतेक महिने दरीत खासगी मोटारीला बंदी आहे. फुकट बस आहे, तिच्यात बसा आणि हवे तिथे उतरा. आता तर त्या बसही विजेवर चालतात. मोटारींच्या जागी पुन्हा नदीचा आवाज ऐकू येऊ लागला.

आणि वेळ सोडणे? ‘अतिथी’ या शब्दाची आपल्याकडची परंपरागत फोड अशी, की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. तिकडे आता तसे चालत नाही. झायनमध्ये ‘एंजल्स लँडिंग’ नावाचा अरुंद कडा चढायचा तर २०२२ पासून सोडतीत नाव यावे लागते. हवाईतल्या हनाउमा उपसागरात पोहायचे तर बाहेरच्या पाहुण्याने आधी दिवस आणि वेळ राखून ठेवावी लागते. थोडक्यात, अतिथीने आता ‘सतिथी’ व्हावे, अशी यजमानाची विनंती आहे. व्याकरणाला हा शब्द मान्य होणार नाही; प्रवाळांना मान्य आहे.

या हनाउमाची हकीकत मी माझ्या एका निवृत्त सहकाऱ्यांच्या घरी ऐकली. दोघे नवराबायको मुलीबरोबर जाऊन आले होते. वहिनी म्हणाल्या, “अहो, समुद्रावर जायच्या आधी पैसे घेऊन वर्गात बसवतात! नऊ-दहा मिनिटांचा चित्रपट दाखवतात, त्याखेरीज सोडतच नाहीत. जन्मभर ह्यांनी दुसऱ्यांना वर्गात कोंडले, त्याची फेड झाली!” प्राध्यापकमहाशय हसले, म्हणाले, “पण वर्गात शिकवले ते परीक्षेत लगेच उपयोगी पडले. पायाखाली जो खडक वाटतो तो जिवंत प्रवाळ असतो, त्यावर उभे राहायचे नाही, हे आम्हाला कुठे माहीत होते?”

ह्या दहा मिनिटांच्या शाळेमागे मोठा अनुभव आहे. १९६७ साली हा उपसागर जलचरांसाठी राखीव झाला. तरी १९८० च्या दशकात तिथे दिवसाला दहा-दहा हजार माणसे उतरत, माशांना पाव आणि मटार चारीत. पुढे आठवड्यातून एक दिवस बंद, मग खाऊ घालण्यास बंदी, २००२ पासून ही सक्तीची शाळा, आणि आता आठवड्यातले दोन दिवस सुट्टी, ती पाहुण्यांना नव्हे, पाण्याला. २०२० साली महामारीने उपसागर महिनोन्‌महिने बंद राहिला तेव्हा पाणी पूर्वीपेक्षा नितळ झाल्याचे अभ्यासकांना आढळले होते. शिवाय हवाई राज्यात १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्ये असलेली उन्हापासूनची मलमे विकण्यास बंदी आहे. अंगावरून उतरून ती प्रवाळांना बाधतात. पूर्ण बाह्यांचा सदरा घालून पाण्यात उतरावे, हा त्यावरचा साधा उपाय. आमच्या आज्या नदीवर नऊवारी नेसूनच बुडी मारीत. प्रवाळांच्या दृष्टीने त्या काळाच्या फार पुढे होत्या म्हणायच्या.

पण यजमान म्हणजे केवळ प्रवाळ आणि अस्वले नव्हेत. तिथे माणसेही राहतात. हवाईच्याच काउआई बेटावर एप्रिल २०१८ मध्ये चोवीस तासांत जवळजवळ पन्नास इंच पाऊस कोसळला. मुंबईकरांना २६ जुलै २००५ आठवत असेल. त्या दिवशीचे ९४४ मिलिमीटर म्हणजे सदतीस इंच. यावरून कल्पना करावी. बेटाच्या उत्तर टोकाचा एकुलता एक रस्ता खचला आणि वर्षाहून अधिक काळ पाहुण्यांना बंद राहिला. गावकऱ्यांचे हाल झाले. पण एक गोष्ट त्यांनी अनुभवली : आपला किनारा पुन्हा आपला झाला होता. रस्ता दुरुस्त झाल्यावर, जून २०१९ मध्ये, तिथले हाएना उद्यान उघडले ते अटींवर. पूर्वी दिवसाला दोन-तीन हजार माणसे येत, आता ९००. बाहेरच्याने जागा आधी राखायची, रहिवाशाने नाही. वाहने उभी करण्याची व्यवस्था गावच्याच लोकांच्या संस्थेकडे. आपल्याच अंगणात शिरायला रांग लावावी लागू नये, एवढीच त्यांची मागणी होती.

आणि ज्यांना अंगणातून हाकलले त्यांचे काय? हे सांगितल्याखेरीज अमेरिकेचे कौतुक पुरे करणे बरे नव्हे. यलोस्टोन ‘निर्मनुष्य’ नव्हते; शोशोनी आणि इतर आदिवासी तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत, शिकार करीत. उद्यान झाले आणि त्यांना दूर केले गेले. ग्रँड कॅन्यनच्या पोटात हवासुपाई लोकांची शेती होती. तिथला त्यांचा शेवटचा रहिवासी १९२८ साली निघाला. त्या जागेला पुढे ‘इंडियन गार्डन’ असे गुळमुळीत नाव राहिले. २०२२ साली ते बदलून ‘हवासुपाई गार्डन्स’ केले. जमीन गेली, नाव मिळाले. याउलट ॲरिझोनातली अँटेलोप कॅन्यन नवाहो लोकांच्या भूमीत आहे. तिथे १९९७ च्या ऑगस्टमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात अकरा पाहुणे वाहून गेले. तेव्हापासून स्थानिक वाटाड्यावाचून आत पाऊल टाकता येत नाही. घरचा माणूस पुढे, पाहुणा मागे : हा क्रम आपल्याला काही नवा नाही.

आता एक आक्षेप. २०२६ च्या जानेवारीपासून अमेरिकेबाहेरून आलेल्या पाहुण्याला अकरा मोठ्या उद्यानांत, वार्षिक पास नसल्यास, नेहमीच्या शुल्काखेरीज माणशी शंभर डॉलर लागू झाले. म्हणजे तिथे राहणाऱ्या मुलाला एक भाव आणि पुण्याहून आलेल्या आईवडिलांना दुसरा! ‘एवढे मोजल्यावर एक खडाही उचलायचा नाही?’ असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. पण नाट्यगृहाचे तिकीट काढले म्हणून कोणी पडदा कापून घरी नेत नाही. पैसे पाहण्याचे असतात.

दुसरा आक्षेप असा, की तिकडे पहारा कडक म्हणून शिस्त आहे. माणूस सगळीकडे सारखाच. हे बऱ्याच अंशी खरे आहे. २२ डिसेंबर २०१८ पासून पस्तीस दिवस अमेरिकन सरकारचा कारभार पैशाअभावी ठप्प होता. उद्याने उघडी, रक्षक मोजकेच. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री उद्यानात कचऱ्याचे ढीग साचले, लोकांनी वाट नसलेल्या जागी मोटारी घातल्या, झाडे तोडली. तेव्हा अमेरिकन माणूस जात्याच शहाणा, असा भ्रम नको. पण त्याच पस्तीस दिवसांत आसपासच्या गावांतले लोक स्वतःचा झाडू-बादली घेऊन आले आणि उद्यानातली शौचालये धुऊन गेले. पगार नाही, हुकूम नाही. पहारा उठल्यावर कोण कसा वागतो, यावरून पाहुणा ओळखावा.

म्हणून यंदा अमेरिकेला निघालेल्यांनी बॅग भरताना सोडायच्या गोष्टींचीही एक यादी करावी, असे सुचवतो. पहिली सोडा घाई. सात दिवसांत नऊ स्थळे ‘उरकण्या’पेक्षा एका ठिकाणी चार दिवस राहावे. मुंबईहून तिकडे जाताना विमान जो धूर सोडते त्याची भरपाई कशानेच होत नाही. निदान तिथे पोहोचल्यावर पुन्हापुन्हा उडणे तरी वाचेल. आखलेली वाट सोडण्याची हौस सोडा. यूटाच्या वाळवंटात जमिनीवर काळसर, खरबरीत खपली दिसते. ती माती नव्हे, सूक्ष्मजीवांनी विणलेली जिवंत गोधडी आहे. ती वाळू धरून ठेवते, पाणी धरून ठेवते. छायाचित्रासाठी टाकलेल्या एका पावलाने ती मोडते, आणि भरून यायला कित्येक दशके लागतात. प्राण्याच्या जवळ जाण्याची, त्याला खाऊ घालण्याची हौस सोडा. आणि नातवाने रंगीत दगड उचलला, तर तो त्याच्याच हाताने होता तिथे परत ठेवायला सांगा. अमेरिकेहून त्याला याहून चांगली भेट आणता येणार नाही.

यात कठीण काहीच नाही. आंबा सोडायला कोणी सांगत नाही. हे सारे कारल्यातच मोडते. मंडळी परत आली की फराळाचे ताट पुढे करून छायाचित्रे जरूर पाहा, कौतुकही करा. मग हळूच विचारा, “काय सोडून आलात?” उत्तर नीट आले, तर आणखी एक करंजी वाढा.